पिवळ्या निशाणाखालचा काळ

२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फीनिक्सच्या एक मैल लांबीच्या मार्गावर, नॅस्कारच्या हंगामातील अखेरची शर्यत झाली. नियोजित फेऱ्या ३१२ होत्या. अजिंक्यपदासाठी चार चालक शिल्लक होते आणि त्या चौघांत जो आधी पोचेल तो वर्षाचा विजेता, असा त्या वेळचा नियम होता. त्यांतला डेनी हॅम्लिन चव्वेचाळीस वर्षांचा होता. कारकिर्दीत साठ शर्यती जिंकूनही त्याला अजिंक्यपद एकदाही मिळाले नव्हते. त्या दिवशी तो २०८ फेऱ्यांत सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना, तोही आघाडीवर असताना, चौघांपैकीच एक असलेल्या विल्यम बायरनच्या गाडीचे टायर गेले, गाडी भिंतीवर आदळली आणि पिवळे निशाण लागले. हॅम्लिनची आघाडी त्या क्षणी संपली. सगळे पिटमध्ये गेले. हॅम्लिनच्या चमूने चारही टायर बदलले, काइल लार्सनच्या चमूने दोनच. त्यामुळे लार्सन आधी बाहेर पडला. शर्यत ३१९ फेऱ्यांपर्यंत लांबली. ती जिंकली भलत्यानेच, लार्सन तिसरा आला, हॅम्लिन सहावा. त्या संपूर्ण शर्यतीत एकाही फेरीत आघाडीवर नसलेला लार्सन अजिंक्य ठरला.

ह्यात कोणीही लबाडी केलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायरनचे टायर खरोखरच गेले होते, निशाण लावणे भागच होते, आणि लार्सन हा आजच्या पिढीतला एक थोर चालक आहे. आमची तक्रार अपघाताविषयी नाही. अपघातानंतर जे नियम कामाला लागतात, त्यांच्याविषयी आहे. मराठीच्या अध्यापकांनी स्टॉक कारच्या नियमांत नाक खुपसावे काय, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आरंभ, मध्य आणि अंत असलेली कोणतीही गोष्ट आमच्या विषयाच्या कक्षेत येते, अशी आमची समजूत आहे. शिवाय काळाचा हिशेब इतक्या उघडपणे पुसून टाकणारी दुसरी कथनरीती आमच्या तरी पाहण्यात नाही.

ज्यांना हा खेळ परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती आवश्यक आहे. नॅस्कार ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. बाहेरून बाजारातल्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्या बहुतेक वेळा लंबवर्तुळाकार मार्गावर शेकडो फेऱ्या मारतात. मार्गावर अपघात झाला, काही पडले किंवा पाऊस आला की पिवळे निशाण लागते. मग एक पेस कार सर्वांच्या पुढे येते, तिच्यामागे सगळ्या गाड्या संथ गतीने रांगेने चालतात आणि एकमेकांना ओलांडण्याची मनाई असते. ह्या अवधीला ‘कॉशन’ म्हणतात. आधी पिटचा मार्ग बंद राहतो, रांग लागल्यावर उघडतो. टायर, इंधन घेऊन गाड्या पुन्हा रांगेत येतात आणि हिरवे निशाण लागले की शर्यत पुढे सुरू होते. ह्या संथ फेऱ्याही शर्यतीच्या एकूण फेऱ्यांत मोजल्या जातात. आघाडीवरचा चालक पाच सेकंदांनी पुढे असो की पंधरा, रांगेत त्याच्यामागचा त्याच्या पाठीला लागून उभा असतो. अंतर नाहीसे होते, क्रम तेवढा उरतो.

अर्ध्या मैलाच्या मार्गावर चाळीसेक गाड्या विखुरलेल्या असतील तर कोणत्याही क्षणी समोरून कोणीतरी जातच असतो. मार्ग साफ करणाऱ्या माणसांना उतरायला उसंत मिळत नाही. सगळ्या गाड्या एका घोळक्यात आणल्या की घोळका निघून गेल्यावर काही सेकंद मार्ग मोकळा मिळतो. ब्रिस्टलसारख्या मार्गावर हे काही सेकंद म्हणजे कोणाचा तरी जीव आहे. म्हणून गाड्या एकत्र आणण्याच्या पद्धतीला ‘तमाशा’ म्हणून उडवून लावणाऱ्यांशी आमचे जमत नाही. ह्या खेळातले कित्येक नियम प्रत्यक्ष रक्तपातानंतर लिहिले गेले आहेत. १९९० साली अटलांटाच्या शर्यतीत पिटमध्ये टायर बदलणारा एक कर्मचारी घसरत आलेल्या गाडीच्या धडकेने मेला. पुढच्याच वर्षी पिटमधील वेगावर मर्यादा आली. २००३ पर्यंत तर पिवळे निशाण लागल्यावरही चालक समाप्तिरेषेपर्यंत वेगाने शर्यत करत येत, कारण रेषेवरचा क्रम ग्राह्य धरला जाई. त्या सप्टेंबरात न्यू हॅम्पशरच्या शर्यतीत डेल जॅरेटची गाडी सरळ रस्त्यावर बंद पडून उभी असताना बाकीच्या गाड्या तिच्या बाजूने सुसाट गेल्या. ते दृश्य पाहून मंडळाने पुढच्याच शर्यतीपासून ही प्रथा बंद केली. फार आधीच करायला हवी होती.

पण ज्या दिवशी ही प्रथा बंद झाली त्याच दिवशी आमच्या तक्रारीचे मूळही रोवले गेले. निशाण लागल्यावर रेषेपर्यंत शर्यत करण्यात मागे पडलेल्या चालकांचा एक स्वार्थ असे. एक फेरी मागे असलेला चालक त्या धावपळीत आघाडीच्या गाडीला ओलांडून आपली गमावलेली फेरी परत मिळवू शके. ती संधी गेली म्हणून भरपाई देण्यात आली: प्रत्येक कॉशनच्या वेळी, एक फेरी मागे असलेल्यांतला जो पहिला असेल त्याला त्याची फेरी फुकट परत मिळेल. अधिकृत भाषेत त्याला ‘लाभार्थी’ अशा अर्थाचा शब्द आहे. प्रेक्षकांत रूढ झालेले नाव मात्र ‘लकी डॉग’. माजी विजेते आणि समालोचक बेनी पार्सन्स ह्यांच्या तोंडून ते नाव पसरले. सामान्य माणसाची भाषा अशा वेळी सरकारी भाषेपेक्षा नेमकी असते. लाभार्थी म्हटले की काही पात्रता ध्वनित होते, ‘लकी डॉग’मध्ये शुद्ध नशीब आहे. विद्यापीठांतील ग्रेस गुणांची आठवण येणे साहजिक आहे. आम्ही दरवर्षी ते देतो आणि देताना फारसे दुःखही होत नाही. परंतु काठावरच्या विद्यार्थ्याला तीन गुण दिले म्हणून पहिल्या आलेल्या मुलीचे तीन गुण कोणी कापत नाही. इथे मात्र आघाडीवरच्याने तासभर राबून ज्याला एक फेरी मागे टाकले, तोच स्पर्धक पुन्हा त्याच्या बरोबरीला आणून बसवला जातो, आणि राबलेल्याच्या खात्यात त्याबद्दल काहीही जमा होत नाही.

ह्याहून मोठा अन्याय पिटच्या वेळापत्रकात दडलेला आहे. हिरव्या निशाणाखाली शर्यत चालू असताना टायर व इंधनासाठी पिटमध्ये जाऊन यायचे म्हणजे लहान मार्गावर निदान एक फेरी गमवावी लागते. सगळ्यांनाच केव्हा ना केव्हा जावे लागते, त्यामुळे अखेरीस हिशेब जुळतो. मात्र निम्म्या गाड्या जाऊन आल्या आणि निम्म्या जायच्या आहेत अशा वेळी पिवळे निशाण लागले, तर जे जाऊन आले ते फेरीने मागे राहतात. जे गेले नव्हते ते संथ गतीच्या काळात निवांत जाऊन येतात आणि पुढे उभे राहतात. वेळेवर काम केलेल्याला शिक्षा आणि रेंगाळलेल्याला बक्षीस. ही विसंगती मंडळालाही कळते, म्हणून त्यावर ‘वेव्ह-अराउंड’ नावाची तोड निघाली: आघाडीच्या गाडीच्या पुढे रांगेत अडकलेल्या, फेरीने मागे असलेल्या गाड्यांनी त्या वेळी पिटमध्ये न जाण्याच्या अटीवर वळसा घालून रांगेच्या शेपटाला यावे आणि फेरी भरून काढावी. म्हणजे एका नियमाने जखम करायची आणि दुसऱ्या नियमाच्या चिंधीने ती बांधायची. जून २००९ पासून पुनरारंभ दोन-दोनच्या रांगेत होऊ लागला. मग कोणती रांग चांगली ह्यावरून तक्रारी आल्या, तेव्हा २०२० मध्ये चालकांना रांग निवडण्याचा अधिकार मिळाला. ह्यांतला प्रत्येक बदल सुटा पाहिला तर समंजस वाटतो. एकत्र पाहिले की दुरुस्त्यांवर दुरुस्त्या चढलेली एखादी संहिता समोर येते, जिच्यातले मूळ वाक्य आता कोणालाच वाचता येत नाही.

मूळ वाक्य काय होते? ‘मार्गावर धोका आहे, सावकाश चला.’ त्याला पहिली पुरवणी जोडली गेली ती भरपाईची. दुसरी जोडली गेली रंजनाची, आणि आमचा खरा राग तिच्यावर आहे. एप्रिल २००४ मध्ये टॅलाडेगाच्या शर्यतीत शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना पिवळे निशाण लागले आणि शर्यत तशीच संथ गतीने संपली. जेफ गॉर्डन जिंकला आणि प्रेक्षकांच्या लाडक्या डेल अर्नहार्ट ज्युनिअरला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. संतापलेल्या प्रेक्षकांनी मार्गावर डबे आणि बाटल्या फेकल्या. त्याच वर्षी नियम आला की अशा वेळी शर्यत लांबवावी आणि शेवट हिरव्या निशाणाखालीच करण्याचा प्रयत्न करावा. प्रेक्षकांची निराशा आम्हांला समजते. तिकीट काढून आलेल्या माणसाला रांगेने चाललेल्या गाड्या पाहून घरी जावे लागले तर त्याने चिडू नये, असे आम्ही म्हणणार नाही. पण लांबवलेली शर्यत ही जाहीर केलेली शर्यत नसते. ज्याने तिच्या लांबीचा विचार करून टायर आणि इंधन राखले, त्याला मध्येच सांगायचे की तुझे गणित बरोबर होते, आम्हीच आकडा बदलला!

२०१७ पासून तर अपघाताचीही गरज उरली नाही. शर्यतीचे टप्पे पाडण्यात आले. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पहिल्या दहांना गुण आणि त्यानंतर ठरलेले, वेळापत्रकात छापलेले पिवळे निशाण. मार्गावर काही पडलेले नाही, कोणी आदळलेले नाही, पाऊस नाही. तरीही सर्वांनी रांगेत यावे, कारण जाहिराती दाखवायच्या आहेत आणि विखुरलेल्या गाड्या पुन्हा एकत्र आणायच्या आहेत. ऑक्टोबर २००२ मध्ये टॅलाडेगाची शर्यत एकही पिवळे निशाण न लागता पूर्ण झाली होती. टप्प्यांच्या ह्या पद्धतीत तशी शर्यत नियमानेच अशक्य झाली. धोक्याची खूण धोका नसताना वापरायची सवय लागली, की त्या खुणेचा अर्थ झिजतो. भाषेच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको.

आणि अर्थ झिजला की संशय येतो. एप्रिल २००७ मध्ये टोनी स्टुअर्ट ह्या दोन वेळच्या विजेत्याने मार्गावर कचरा पडल्याच्या कारणाने लागणाऱ्या पिवळ्या निशाणांवर उघड टीका केली होती आणि मंडळाच्या कारभाराची तुलना लुटुपुटीच्या कुस्तीशी केली होती. मंडळाला ते अर्थातच रुचले नाही. कचरा खरा होता की नव्हता, हा वाद आम्ही इथे सोडवू शकत नाही, आणि त्याची गरजही नाही. ज्याच्या हातात निशाण आहे त्याचा फायदा चुरशीत आहे, एवढे सिद्ध करायला कचरा दाखवावा लागत नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत नेमके उलटे घडले. मागे गाड्यांचा चेंदामेंदा होत होता, क्लिंट बोयरची गाडी पेट घेऊन उलटी होऊन रेषेपार घसरत गेली, आणि तरीही पुढे केविन हार्विक आणि मार्क मार्टिन रेषेपर्यंत शर्यत करत राहिले. हार्विक ०.०२० सेकंदाने जिंकला. निशाण लवकर लागले असते तर मार्टिन जिंकण्याची शक्यता होती. ती शर्यत त्याला पुढेही कधी जिंकता आली नाही. निशाण लागले म्हणून एकाचे गेले, न लागल्यामुळे दुसऱ्याचे. मग निशाण कोण, कशाच्या आधारे, कोणत्या क्षणी लावतो हा प्रश्न खेळाच्या केंद्रस्थानी येतो. त्यावर असलेले उत्तर आजही बव्हंशी ‘अधिकाऱ्यांचा विवेक’ इतकेच आहे.

जिथे निशाणाला एवढे मोल असते तिथे ते विकत घेण्याची, निदान घडवून आणण्याची बुद्धी कोणाला तरी होणारच. ७ सप्टेंबर २०१३ रोजी रिचमंडच्या शर्यतीत सात फेऱ्या उरल्या असताना, रायन न्यूमन आघाडीवर असताना, त्याच बोयरची गाडी गिरकी घेऊन थांबली. निशाण लागले, न्यूमनचा विजय गेला आणि बोयरच्या संघातला मार्टिन ट्रूएक्स ज्युनिअर अजिंक्यपदाच्या फेरीत शिरला. बोयरने मुद्दाम गिरकी घेतली हे मंडळ सिद्ध करू शकले नाही. परंतु निकालात ढवळाढवळ केल्याबद्दल संघाला ३ लाख डॉलर दंड झाला, ट्रूएक्सला काढून न्यूमनला आत घेतले गेले आणि काही दिवसांनी जेफ गॉर्डनला तेरावा म्हणून जागा देण्यात आली. इतका दंड झाला, इतकी उलथापालथ झाली, पण एक गिरकी एवढी किमती का ठरली, हा प्रश्न कोणी नियमांना विचारला नाही. फॉर्म्युला वनमध्येही २००८ साली सिंगापूरला एका चालकाने आपल्या संघाच्या सांगण्यावरून भिंतीवर गाडी घातली होती, कारण त्यामुळे सेफ्टी कार येऊन सहकाऱ्याचा फायदा होणार होता. दोन्हीकडे मूळ एकच आहे. अपघात हे चलन झाले आहे.

आता आमच्या प्रांतातला युक्तिवाद. एका सहकाऱ्याने असा आक्षेप घेतला की फळ हाताशी आले असताना विघ्न येणे हे तर आपल्या नाट्यशास्त्रालाच मान्य आहे. नियताप्तीच्या आसपास विमर्श संधी येतो, क्रोधाने, मोहाने किंवा शापाने फलप्राप्ती अडते आणि मगच निर्वहण होते. मग फीनिक्सचे पिवळे निशाण हा विमर्श का मानू नये? आक्षेप चांगला आहे, पण टिकत नाही. शाकुंतलातला दुर्वासाचा शाप महाभारतातील मूळ कथेत नाही, तो कालिदासाने आणला. आणताना त्याने तो शकुंतलेच्या तंद्रीशी बांधला, अतिथीकडे झालेल्या दुर्लक्षाशी बांधला आणि सुटकेची किल्ली अंगठीच्या रूपाने त्याच गोष्टीत ठेवली. ते विघ्न बाहेरून आल्यासारखे दिसले तरी पात्रांच्या वागण्यातून वाढते. आणि मुख्य म्हणजे शापाने आधीचे अंक पुसले जात नाहीत. दुष्यंत विसरतो, प्रेक्षक विसरत नाही, आणि शेवटी जे मिळते ते त्या विसरलेल्या काळासकट मिळते. ॲरिस्टॉटलनेही उकल कथानकातूनच यावी, यंत्रातून उतरवलेल्या देवाकरवी येऊ नये, असे बजावले होते. हॅम्लिनच्या २०८ फेऱ्यांचा त्याला मिळालेल्या शेवटाशी संबंध काय? पुढची रांग, एवढाच. टायर बदलण्याच्या एका निर्णयाने तीही गेली. त्या निर्णयाचा दोष त्याच्या चमूला देता येईल, काहींनी दिलाही. परंतु तीन तासांची कमाई एका निर्णयावर डावाला लावण्याची सक्ती त्याच्यावर का आली, ह्याचे उत्तर चमूकडे नाही.

ह्याला पर्याय नाही, असे कोणी सांगितले तर आम्ही क्रिकेटकडे बोट दाखवू. १९९२ च्या विश्वचषकात सिडनीला उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. बारा मिनिटांच्या पावसानंतर नियमाने त्यांना एका चेंडूत २१ धावा करायला सांगितले. ते हसू आजही विसरले जात नाही. पण त्या लाजेतून डकवर्थ आणि लुईस ह्यांची पद्धत आली, १९९७ च्या पहिल्या दिवशी ती प्रथम वापरली गेली. तिच्यावर आपण सगळेच कुरकुरतो, तिचे गणित कोणालाही तोंडपाठ नाही. तरी तिचे तत्त्व स्वच्छ आहे: खंड पडण्याआधी जे कमावले ते खंडानंतरही मोजले जावे. मोटार शर्यतींतही असे उदाहरण आहे. २०१४ साली सुझुकाला ज्यूल्स बियांकीचा जीवघेणा अपघात झाल्यावर फॉर्म्युला वनने २०१५ पासून ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’ आणली. सर्वांनी जागच्या जागी ठरावीक प्रमाणात वेग कमी करायचा, रांग लावायची नाही, अंतरे जवळपास तशीच राहतात.

लहान लंबवर्तुळावर हे जसेच्या तसे चालणार नाही, ह्याचे कारण वर आम्हीच दिले आहे. तिथे घोळका करावाच लागेल. पण घोळका केला म्हणून अंतर विसरले पाहिजे असे नाही. मोठ्या मार्गांवर, वळणावळणाच्या रस्त्यांवर, किरकोळ कारणासाठी अंतर राखणारी कॉशन वापरता येईल. टप्प्यांचे गुण शर्यत न थांबवता देता येतील. फुकटची फेरी बंद करता येईल. अपघातांची संख्या वाढेल अशी भीती ह्यांतल्या एकाही सूचनेत नाही. उलट, घोळक्याने होणारा प्रत्येक पुनरारंभ नव्या धडकेला आमंत्रण असतो. एका कॉशनमधून दुसरी जन्मते, अशी ह्या खेळाच्या समालोचकांची म्हणच आहे. २००५ च्या कोका-कोला ६०० शर्यतीत ती बावीस वेळा लागली होती.

मंडळ काहीच करत नाही असे नाही. २०२६ च्या हंगामासाठी अखेरच्या एकाच शर्यतीवर अजिंक्यपद ठरवण्याची पद्धत त्याने सोडली आणि शेवटच्या दहा शर्यतींचे गुण मोजण्याची जुनी पद्धत परत आणली. ह्याने वर्षाचा हिशेब सुधारला. एका शर्यतीच्या आतला हिशेब तसाच आहे. त्यात हात घालण्याचा एक लहानसा प्रयोग २०२३ मध्ये झाला होता. वळणावळणाच्या मार्गांवरील शर्यतींत टप्प्यांचे गुण दिले गेले, पण त्यासाठी शर्यत थांबवली गेली नाही. आघाडी घेतलेल्याची आघाडी राहिली, मागे पडलेल्याला स्वतःच्या वेगाने पुढे यावे लागले. शर्यती कंटाळवाण्या होतात अशी तक्रार आली आणि त्या मार्गांवरही पिवळे निशाण वेळापत्रकात परत आले.